साताऱ्याहून एका दिवसासाठी पुण्याला येतोय, मुलगी वीगन आहे. तिला वीगन बर्गर कुठे खाऊ घालावा?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही, तुमच्या मिसेस, आई आणि कॉलेजात जाणारी मुलगी असे चौघं रविवारी सकाळच्या एसटीने स्वारगेटला उतरणार आणि संध्याकाळी परत फिरणार. मुलीने वर्षभरापासून दूध, दही, तूप सगळं सोडलंय आणि तिला एकदा तरी पूर्ण वीगन ठिकाणी बसून बर्गर खायचाय. आजींना मात्र ओळखीचं काहीतरी हवंय. मी पुण्यातच राहते आणि बरीच वर्षं वीगन आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पूर्ण वीगन जेवण दिवसात एकच ठेवा. ते दुपारचं असू दे आणि कोरेगाव पार्क किंवा कल्याणीनगर भागात असू दे. सकाळचा नाश्ता पेठेत करा, तिथे आजींचंही होईल आणि मुलीचंही. वीगन ठिकाणं शोधत औंध, बाणेर, विमाननगर असं गावभर फिरू नका. रविवारी रिक्षात आणि सिग्नलवरच अर्धा दिवस जातो.

बर्गरच्या जागेचं नाव मी मुद्दाम देत नाहीये. पूर्ण वीगन ठिकाणं लहान असतात, आठ-दहा खुर्च्यांची. भाडं परवडलं नाही की जागा बदलते, कधी नुसतं घरपोच किचन उरतं आणि बसायची सोय राहत नाही. जुन्या उत्तरातलं नाव वाचून लोक पोहोचतात आणि शटर बंद असतं. त्यापेक्षा आदल्या दिवशी हॅपीकाऊ नावाच्या साइटवर किंवा ॲपवर पुणे टाका. तिथे पूर्ण वीगन, शाकाहारी आणि 'वीगन पदार्थही मिळतात' अशा तीन प्रकारच्या जागा वेगवेगळ्या दाखवतात. तुम्ही फक्त पहिला प्रकार बघा. मग फोन करून दोनच गोष्टी विचारा: बसायची सोय आहे का, आणि रविवारी दुपारी किचन कितीपर्यंत चालू असतं. बरीच कॅफे तीननंतर किचन बंद करून संध्याकाळी पुन्हा उघडतात.

पूर्ण वीगन जागेचा एवढा आग्रह का, ते सांगते, कारण घरच्यांना ही गोष्ट लवकर लक्षात येत नाही. वीगन माणूस बाहेर जेवायला बसला की आधी चौकशी करतो. यात लोणी आहे का, तळणीचं तेल वेगळं आहे का, ग्रेव्हीत क्रीम आहे का, नानच्या पिठात दही आहे का. वेटर आत जाऊन विचारून येतो, बाकीची मंडळी मेन्यू मिटून वाट बघत बसतात. तुमची मुलगी गेलं वर्षभर प्रत्येक लग्नात, प्रत्येक वाढदिवसाला हे करत असणार. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो, हे तिला प्रत्येक वेळी जाणवत असणार. पूर्ण वीगन काउंटरसमोर उभं राहिल्यावर ती पहिल्यांदा मेन्यू वरपासून खालपर्यंत वाचेल आणि जे आवडेल ते मागवेल. मी पहिल्यांदा अशा जागी गेले तेव्हा बर्गर मिळाल्याच्या आनंदापेक्षा, कोणाला काही विचारावं लागलं नाही याचा आनंद मोठा होता. चौघांनी तिथेच जेवा. तिला एकटीला तिथे बसवून बाकीचे शेजारच्या हॉटेलात गेलात तर या सगळ्याचा काही उपयोग नाही.

आता तिथे काय मागवायचं ते सांगते. बर्गरची पॅटी बहुधा तीनपैकी एका प्रकारची असते. पहिली सोयाची. सोयाबीनचं तेल काढल्यावर जे पीठ उरतं, ते यंत्रातून दाबाने आणि उष्णतेने काढलं की त्याला धागे येतात. घरात आपण ज्या सोया वड्या भिजवून भाजीत टाकतो, त्याही अशाच बनतात. लातूरच्या बाजारात पोत्यांनी येणारं सोयाबीन शहरात या रूपात समोर येतं. दुसरी वाटाण्याच्या प्रथिनांची, ही पाकिटातून गोठवलेली येते, चव जरा उग्र असते. तिसरी कोवळ्या फणसाची. मेन्यूवर फणसाची दिसली तर आजींसाठी तीच मागवा. कोकणातल्या कुयरीच्या भाजीची चव ज्यांना माहीत आहे, त्यांना ती अजिबात परकी वाटत नाही. मटणासारखं काही ताटात नको असेल तर काळ्या घेवड्याची किंवा बटाट्याची टिक्कीही असते.

चीजबद्दल मुलीला कदाचित माहीत असेल, तुम्हालाही सांगून ठेवते. वीगन चीज खोबरेल तेल आणि स्टार्च वापरून केलेलं असतं, नाहीतर काजू भिजवून वाटलेलं. पहिलं पिझ्झावर वितळतं, पण त्याला दुधाच्या चीजसारखी तार येत नाही. काजूचं तर सॉससारखंच असतं, पण चव त्याचीच जास्त चांगली लागते. फ्राइजवर काजूचा सॉस घालून देत असतील तर तेच घ्या. शेकमध्ये ओट्सचं दूध दाट लागतं. बदामाचं पातळ असतं, आणि सोयाच्या दुधाला एक वास असतो, तो काहींना नको होतो. आजी साशंक असतील तर त्यांना नारळाच्या दुधातलं काहीतरी द्या. सोलकढी पिणाऱ्या माणसाला नारळाच्या दुधाची ओळख करून द्यावी लागत नाही.

खर्चाची कल्पना असू द्या. अशा ठिकाणी एका बर्गरला साधारण 250 ते 400 रुपये पडतात, शेकचे वेगळे. माल कमी खपतो आणि बराचसा पाकिटातून येतो, म्हणून महाग. त्यात करही होता: साध्या पाकिटबंद दुधावर जीएसटी नाही, पण बदाम-ओट्सच्या दुधावर 18 टक्के आणि सोया दुधावर 12 टक्के लागायचा. सप्टेंबर 2025 पासून दोन्ही 5 टक्क्यांवर आलंय. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. या खाण्याला शौक न समजता रोजचं अन्न समजलं जावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मोठ्या साखळी दुकानांबद्दल थोडक्यात. 'प्लांट बेस्ड' लिहिलेलं सगळं वीगन नसतं. डॉमिनोजने डिसेंबर 2020 मध्ये वनस्पतीजन्य 'चिकन'चा पिझ्झा आणला होता, पण त्यावर चीज दुधाचंच होतं. रितेश आणि जेनेलिया देशमुख यांनी 2021 मध्ये वनस्पतीजन्य 'मांस' विकणारी इमॅजिन मीट्स ही कंपनी सुरू केली तेव्हापासून मराठी घरांत हा विषय निदान कानावर तरी पडला, हे मात्र चांगलं झालं. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही पुरेसा नाही. त्यात दूध, तूप, मध सगळं बसतं. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2022 मध्ये वीगन अन्नासाठी वेगळे नियम केले आणि वेगळं चिन्ह दिलं: हिरव्या रंगात इंग्रजी व्ही आणि त्यावर छोटं पान. ते चिन्ह नसेल तर घटकांची यादी वाचा. दुधाचा अंश असेल तर ॲलर्जीच्या सूचनेत तसं लिहावं लागतं, त्यामुळे शेवटच्या दोन ओळी वाचल्या तरी काम होतं. चहा-कॉफीच्या 'नॉन डेअरी' पावडरीत केसीन हे दुधातलं प्रथिन असू शकतं, तिथे नावावर जाऊ नका.

बर्गरच्याच बाबतीतला एक अनुभव सांगते, कारण पूर्ण वीगन जागा बंद निघाली आणि मिश्र कॅफेत जावं लागलं तर तो उपयोगी पडेल. एका कॅफेत मेन्यूवर बर्गरपुढे वीगन लिहिलेलं होतं. पॅटी ठीक होती, सॉस ठीक होता. बन कुठून येतो असं विचारल्यावर त्यांनी बेकरीचं पाकीट आणून दाखवलं, त्यावर दुधाची पावडर लिहिलेली होती. फसवायचा हेतू नव्हता, बनकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. म्हणून मिश्र कॅफेत बन आणि मेयोनीज या दोन गोष्टी हमखास विचारा. बिनअंड्याच्या मेयोनीजमध्येही अनेकदा दुधाचे घटक असतात.

आता सकाळ. स्वारगेटला उतरलात की बाहेरच मेट्रो आहे. 29 सप्टेंबर 2024 पासून ती थेट स्वारगेटपासून सुटते, त्यामुळे एसटीने येणाऱ्यांची मोठी सोय झाली. पुढचंच स्टेशन मंडई. तिथे उतरून आधी महात्मा फुले मंडईची जुनी दगडी इमारत बघा, मग तुळशीबाग. नाश्त्याला मिसळ खा. तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भुवन जवळच आहे. चालायची तयारी असेल तर नारायण पेठेत बेडेकर. तिथे मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड देतात. मटकी, फरसाण, कांदा, तेलाची तर्री, यात दुधाचं काही नाही. दही वेगळं मागवलं तरच येतं. ब्रेडबद्दल मुलीला किती कडक राहायचंय ते तिलाच ठरवू दे. लादीपाव साधारणपणे मैदा, यीस्ट, मीठ, पाणी एवढ्यातच होतो, कारखान्याच्या स्लाइस ब्रेडमध्ये कधी दुधाची पावडर सापडते.

पुण्यात विचारायची लाज बाळगू नका. इथल्या हॉटेलांना "उपासाला चालेल का", "जैन मिळेल का", "कांदा-लसूण नको" हे प्रश्न रोजचे आहेत, आणि त्यांची उत्तरं नीट दिली जातात. त्याच सुरात विचारा. फक्त "वीगन आहे का" एवढ्यावर थांबू नका, एकेका पदार्थाचं नाव घ्या: "तूप, लोणी, दही, दूध यातलं काहीच नको, तेलात करून द्या." तुपाचं नाव आधी घ्या. बऱ्याच ठिकाणी तूप हा अभिमानाचा विषय असतो, सांगितलं नाही तर ते प्रेमाने वरून एक चमचा घालून आणतात. साबुदाण्याच्या खिचडीत तूप गृहीत धरा. साबुदाणा वडा तेलात तळतात, त्याच्यासोबतची दह्याची चटणी तेवढी बाजूला ठेवायला सांगा. थालीपिठावर लोण्याचा गोळा येतो, तो नको म्हणा आणि थापताना तेल वापरायला सांगा. बटाटावडा, कांदाभजी, कोथिंबीर वडी, अळूवडी, भेळ, इडली-सांबार हे मोकळेपणाने खावं. डोशाला तव्यावर लोणी फिरवतात, आधी सांगावं लागतं, आणि पांढऱ्या चटणीत कधी दही असतं. पावभाजीच्या वाटेला मात्र जाऊ नका, तिचा तवाच लोण्याचा असतो. "बिनलोण्याची करून देतो" म्हणाले तरी त्याच तव्यावर होते.

चहाचं एक वेगळं आहे. अमृततुल्यमध्ये दूध, चहा, साखर, वेलची सगळं एकत्रच उकळत असतं, त्यामुळे बिनदुधाचा चहा तिथे सहसा मिळत नाही. मुलीला कोरा चहा हवा असेल तर हॉटेलात बसून मागवा. नाहीतर उसाचा रस, कोकम सरबत, लिंबू सरबत आहेच. मस्तानी, श्रूजबेरी बिस्किटं, आंबा बर्फी ही पुण्याची प्रसिद्ध मंडळी तिच्या यादीत बसत नाहीत. आजींना मस्तानी प्यायची असेल तर त्यांनी जरूर प्यावी, मुलगी काही अडवणार नाही. माझ्या अनुभवात वीगन पोरांना घरच्यांच्या खाण्यावर बोलायचं नसतं, स्वतःच्या खाण्यावर रोज टोमणे नको असतात, एवढंच.

पेठेतून शनिवारवाडा बघून कसबा पेठ स्टेशनवरून पुन्हा मेट्रो घ्या आणि सिव्हिल कोर्टला (पाटीवर जिल्हा न्यायालय असंही नाव दिसेल) रामवाडीच्या मार्गावर बदला. हे स्टेशन खूप खोल आहे आणि दुसरी गाडी वर उंचावरच्या फलाटावरून सुटते. आजींना घेऊन सरकत्या जिन्यांच्या नादी लागू नका, लिफ्ट शोधा आणि बदलायला निवांत वेळ ठेवा. कोरेगाव पार्कसाठी बंडगार्डनला उतरायचं, पुढे छोटी रिक्षा. दुपारी एक ते चार पेठांतली बरीच दुकानं मिटलेली असतात, तोच वेळ तुमचा जेवणात जाईल.

जेवणानंतर आगाखान पॅलेस नक्की बघा. कल्याणीनगर स्टेशनपासून जवळ आहे आणि संध्याकाळी लवकर बंद होतो, म्हणून चारच्या आत पोहोचा. तिसऱ्या आगाखानांनी 1892 मध्ये हा वाडा बांधला. ऑगस्ट 1942 पासून मे 1944 पर्यंत गांधीजी इथे बंदिवासात होते. 15 ऑगस्ट 1942 ला महादेवभाई देसाई इथेच गेले आणि 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा. दोघांच्या समाध्या मागच्या बागेत आहेत.

तुमच्या मुलीसाठी ही जागा मला आणखी एका कारणाने महत्त्वाची वाटते. गांधीजींनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं होतं. गाई-म्हशींना पिळून काढण्यासाठी त्यांच्यावर जी फुक्याची क्रूर पद्धत वापरली जायची, तिच्याबद्दल कळलं हे त्यामागचं एक कारण होतं. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यात ते फार आजारी पडले, डॉक्टरांनी दुधाशिवाय शरीर भरणार नाही म्हणून सांगितलं, आणि तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की तुमचं व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं आहे, बकरीचं घ्यायला काय हरकत आहे? त्यांनी घेतलं. पण व्रताचा शब्द पाळला, भाव पाळला नाही, ही टोचणी त्यांना राहिली आणि त्यांनी ती स्वतः लिहून ठेवली आहे. एकाच घरात एक माणूस दुधाविना राहू पाहतो आणि दुसऱ्याला त्याच्या तब्येतीची धास्ती असते, हा पेच तुमच्या घरापुरता नाही. कस्तुरबांच्या समाधीपाशी आजी आणि नात दोघींना ही हकीकत सांगा. दोघींनाही त्यात आपली बाजू सापडेल.

परतताना कल्याणीनगरहून मेट्रो पकडून सिव्हिल कोर्टमार्गे स्वारगेटला या. रविवारी संध्याकाळी साताऱ्याच्या गाड्यांना गर्दी असते, जाताना आरक्षण करूनच निघा. खंबाटकीच्या घाटात गाड्या खोळंबल्या तर साताऱ्याला पोहोचायला तीन तासांच्या वर लागतात आणि वाटेतल्या थांब्यावर मुलीसाठी फारसं काही मिळत नाही. म्हणून दुपारी त्या वीगन ठिकाणाहूनच एक रॅप किंवा सँडविच बांधून घ्या, सॉस वेगळा मागा म्हणजे ब्रेड ओला होणार नाही. शिवाय मंडईतून सकाळीच केळी आणि भाजके शेंगदाणे घेऊन ठेवा. चिक्की घेणार असाल तर पाकिटावर तूप आहे का ते बघा, सुटी असेल तर दुकानदाराला विचारा.